पन्नाशीतली लव्हस्टोरी, कमी बजेटमध्ये: पहिलीच फिल्म करणाऱ्यांसाठी पायरी पायरीने

ही कल्पना बऱ्याच जणांच्या डोक्यात असते. बाई सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची, घटस्फोट झालेला नाहीतर नवरा गेलेला, पोरगी बारावीत नाहीतर बंगळुरूला नोकरीत, आणि मग एक दिवस कोणीतरी भेटतं. हसूही यायला पाहिजे, डोळेही पाणावायला पाहिजेत, आणि बजेट म्हणजे स्वतःची एफडी, मेव्हण्याचे थोडे आणि दोन मित्रांचे. स्टार नाही, स्टुडिओ नाही. ज्यांनी एखाद-दोन शॉर्टफिल्म केल्यात आणि आता दीड तासाची रोमँटिक कॉमेडी करायची हिंमत करतायत, ठाणे-पुणे-नाशिककडे राहतात आणि मराठीत करणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. क्रम पाळा, कारण पुढची पायरी आधी केली की पैसे दोनदा जातात.

पायरी १: प्रेमाच्या आड काय येतं ते आधी ठरवा

विशीतल्या लव्हस्टोरीत आडवे येतात बाप, जात, पैसा, गैरसमज. पन्नाशीत बाप बहुतेक अंथरुणाला खिळलेला असतो आणि त्याला औषध द्यायची वेळ नऊची असते, म्हणून हिरोला साडेआठला घरी पोचायचं असतं. तुमचा सगळा सिनेमा इथे आहे. या वयात प्रेमाला विरोध करायला कोणी फारसं रिकामं नसतं, आडवं येतं ते वेळापत्रक, घराच्या किल्ल्या, फ्लॅट कोणाच्या नावावर आहे ते, आणि पीपीएफला नॉमिनी कोण आहे ते. व्हिलन लिहू नका. नवरा दारुडा, सासू कजाग, शेजारीण चोंबडी असं तिन्ही एकदम आणलंत तर ती मालिका होईल आणि मालिका तुमच्यापेक्षा चांगल्या प्रकारे रोज रात्री आठला चालूच आहे.

एका कागदावर दोघांचा मंगळवार लिहा. सकाळी सहा ते रात्री अकरा, तासातासाने. कोणाला डबा द्यायचा, पाणी किती वाजता येतं, कामवाल्या मावशी कधी येतात, आईचा फिजिओ कधी. मग बघा या दोन मंगळवारांत सामाईक मोकळा वेळ किती निघतो. वीस-पंचवीस मिनिटं निघाली तर छान, तीच तुमची भेटायची जागा. जास्त निघाली तर अजून एक जबाबदारी टाका.

आणि मुलांना खलनायक करू नका हो. खरं काय होतं, तर मुलगीच हौसेने आईचं प्रोफाइल बनवून देते, फोटोही तीच काढते, आणि आईला खरोखर कोणी आवडलं की मात्र तिचा चेहरा पडतो. ती वाईट नाहीये, तिला फक्त आईने कशात तरी बिझी राहावं एवढंच हवं होतं. असा एक सीन तुमच्या दहा भांडणांपेक्षा भारी.

पायरी २: भेटायची जागा स्वस्त आणि खरी हवी

कॅफेत कॉफी सांडून भेट नको. या वयाची माणसं भेटतात दहावीच्या बॅचच्या रीयुनियनला, तळजाईवर सकाळी फिरताना, सोसायटीच्या एजीएमला, फिजिओथेरपीच्या बाकावर. पुण्यात तर ज्येष्ठ नागरिक लिव्ह इन रिलेशनशिप मंडळ म्हणून रीतसर मंडळच आहे, पण ते नावाप्रमाणे ज्येष्ठांचं झालं, आपली मंडळी अजून ईएमआय भरतायत.

पुढे समजवायला सोपं जावं म्हणून एक गोष्ट धरून चालतो, विद्या आणि शिरीष. ती ४८, ठाण्याला, घटस्फोट जवळजवळ झालेला. तो ५२, बायको जाऊन काही वर्षं झाली, घरात ७९ वर्षांची आई. दोघं भेटतात ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत. तिची गाडी कायम नवऱ्याने चालवली, त्याची बायकोने. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये काय असतं ते बघितलंय ना, एका गाडीत दोन-तीन जण एकदम घेतात, एक जण चालवतो आणि बाकीचे मागे बसून आपली पाळी यायची वाट बघतात. म्हणजे रोज सकाळी साडेसहाला दोन अनोळखी माणसं एका वॅगन-आरमध्ये, सक्तीने, आणि मध्ये पाटील सर, ज्यांच्या पायाशी जादा ब्रेक.

सीन असा:

विद्या क्लच सोडते. गाडी तीन गचके खाते आणि बंद. मागे बसचा हॉर्न.
पाटील सर: हळू म्हटलं होतं मॅडम.
शिरीष (मागून, मांडीवर डब्याची पिशवी): काल माझ्यावर जो बसवाला चिडला ना, तो यापेक्षा जास्त चिडला होता.
विद्या आरशात बघते. आरसा पाटील सरांनी स्वतःकडे वळवून घेतलाय, तिला दिसतो फक्त शिरीषचा कान आणि डब्याची पिशवी.
विद्या: तुमची पाळी आली की मी पण बोलणारे.
शिरीष: बोला ना. तेवढीच सोबत.
पाटील सर: सोबत नंतर. आधी फर्स्ट गिअर.

यात फायदा किती आहे बघा. तीन अॅक्टर, एक गाडी. दोघं एकमेकांना दिसतच नाहीत म्हणून प्रत्येकाचा शॉट वेगळा घेता येतो, एखाद्या दिवशी एकाच अॅक्टरची तारीख मिळाली तरी काम होतं. आणि बोलणं आपोआप अर्धवट राहतं कारण सिग्नल सुटतो. आता या गाडीभोवतीचे खरे नियम गोळा करा, कारण विनोद तिथेच पडलेला असतो. चाळिशी ओलांडलेल्याला लर्निंग लायसन्ससाठी फॉर्म वन-ए लागतो, म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट. पंचविशीतल्या पोराला लागत नाही. विद्या त्या डॉक्टरसमोर बसलीय आणि तो विचारतोय, "चक्कर वगैरे येते का?" आणि तिला नेमकं काल कोणीतरी बघून हसल्यापासून येतेय. लर्निंग मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते आणि लर्निंग चालतं ६ महिने. म्हणजे तुमच्या प्रेमकथेला वेळेची चौकट आरटीओनेच दिली.

पायरी ३: कायद्याचं घड्याळ लावून घ्या

नवीन लेखक इथे सर्रास घोळ घालतात. शेवटी लग्न दाखवायचंय म्हणून हार घालून मोकळे. अरे पण ती मोकळी आहे का कायद्याने?

परस्परसंमतीच्या घटस्फोटात, हिंदू विवाह कायद्याचं कलम १३-ब, आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग अर्ज, मग सहा महिने थांबणं, मग दुसरी तारीख. हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं, पण करेलच असं नाही. म्हणजे विद्या दुसऱ्या तारखेची वाट बघत असताना शिरीष भेटला तर नवऱ्याशीही गोड राहावं लागतं, तो शेवटच्या क्षणी संमती मागे घेऊ शकतो. नवरा भला माणूस असेल तर अजून मजा, तो चहाला येतो आणि विचारतो, "गाडी शिकतेस म्हणे?"

नोंदणी पद्धतीने लग्न करायचं असेल, विशेष विवाह कायदा १९५४, तर नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा, आणि ती नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. ३० दिवस हरकतीसाठी. नोटिशीपासून ३ महिन्यांत लग्न केलं नाही तर नोटीस रद्द, पुन्हा नवी द्या. आणि लग्नाच्या वेळी साक्षीदार तीन. तिसरा साक्षीदार कोण, या एका प्रश्नावर शेवटची पंचवीस मिनिटं आरामात निघतात. आई सही करायला तयार आहे पण तिला जिना चढवत नाही, मुलगी बोलत नाहीये, पाटील सर आधार कार्ड घरी विसरले. इथे एकही खोटा ट्विस्ट घालावा लागला नाही, सगळं कायद्यातच होतं.

वकिलाला एकदा फी देऊन स्क्रिप्ट वाचायला द्या. फी वसूल होते, कारण वकील वाचता वाचता दोन-तीन किस्से सांगतातच.

पायरी ४: हसायचं कोणाला

गुडघेदुखीचा विनोद एकदाच. चष्मा शोधणे आणि तो डोक्यावरच असणे, नकोच. म्हातारपणाला हसणारा विनोद प्रेक्षकातल्या पन्नाशीच्या माणसाला लगेच कळतो आणि तो मनातून सिनेमा सोडतो, आणि तिकीट काढून येणारा तोच आहे. हसू यायला हवं ते दोघांच्या हुशारीमुळे. या वयात माणूस जगाकडून दोनदा फसलेला असतो, त्याला समोरच्याची थाप लगेच कळते, तरी तो पडू देतो. त्या पडू देण्यातच रोमान्स आहे.

जवळीक दाखवा. दार बंद, कॅमेरा खिडकीतल्या कुंडीवर, असलं करू नका. मोठ्या माणसांना स्पर्शाची लाज वाटते तशी गरजही असते. फक्त सीन स्क्रिप्टमध्ये पूर्ण लिहा, काय होणार काय नाही हे अॅक्टरशी आधी बोला, सेटवर कमीत कमी माणसं ठेवा. सेटवर आयत्या वेळी "जरा अजून जवळ या" म्हणणाऱ्या दिग्दर्शकाबरोबर कोणी दुसऱ्यांदा काम करत नाही.

पायरी ५: स्क्रिप्ट, पानं, नोंदणी

स्क्रीनप्लेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हा धरून चालायचा हिशोब. ९५ ते १०० पानांत आटपा. लोकेशन मोजा, आठच्या वर गेली तर दोन सीन एका ठिकाणी आणा. रात्रीचे बाहेरचे सीन मोजा आणि निम्मे कापा, रात्रीच्या लाइटला पैसे लागतात आणि दुसऱ्या दिवशीचं कॉल टाइम, म्हणजे युनिटने सेटवर पोचायची वेळ, तीही पुढे जाते. गर्दीचे सीन, लग्नाचा हॉल, गरबा, सगळं कापा. एजीएमचा सीन ठेवा, त्याला बारा माणसं पुरतात, खऱ्या एजीएमला पण तेवढीच येतात.

मग स्क्रिप्ट रजिस्टर करा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासद होऊन ऑनलाइन होतं. सहलेखक असेल तर त्याच्याशी करार आत्ताच, चहा पिताना नाही, स्टॅम्प पेपरवर. टायटल निर्मात्यांच्या संस्थेकडे नोंदवतात, मराठीसाठी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे, इम्पा या निर्मात्यांच्या संघटनेकडेही करतात. टायटल आधी बघून घ्या, पोस्टर छापल्यावर कळलं की तेच नाव दुसऱ्याकडे आहे तर डोक्याला ताप.

पायरी ६: पैसे

नातेवाइकांचे पैसे घेताना ते कर्ज आहे, भागीदारी आहे का भेट आहे हे लिहून घ्या. मेव्हण्याला "बघू रिलीजनंतर" म्हटलंत तर पुढच्या दिवाळीला घरी जाता येणार नाही. फिल्मसाठी वेगळं बँक खातं काढा, एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी फर्म, काढलीत तर उत्तम, टीडीएस कापा. निर्मात्याला ५० हजारांच्या वर ज्याला ज्याला पेमेंट केलं त्याचं वेगळं स्टेटमेंट आयकर खात्याला द्यावं लागतं, हे सीएला आठवण करून द्या कारण सगळ्या सीएंकडे फिल्मवाले क्लायंट नसतात.

बजेट करताना लोक शूटचे पैसे काढतात आणि पोस्टचे, म्हणजे शूटनंतरच्या कामांचे, विसरतात. शूट संपल्यावर हार्डडिस्कवर पडून राहिलेल्या फिल्म कितीतरी आहेत. एडिट, साउंड, कलर, मिक्स, सबटायटल, डीसीपी (थिएटरला द्यायची डिजिटल कॉपी), सेन्सॉरची फी, हे सगळं आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात शूट बसवा. वर दहा टक्के अडीअडचणीला.

सरकारी अनुदानाबद्दल विचारतात सगळे. दर्जेदार मराठी चित्रपटांना अर्थसहाय्य देणारी राज्याची योजना आहे, अ आणि ब दर्जा ठरवून रक्कम मिळते, कारभार गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीतल्या सरकारी महामंडळाकडे (टायटलवालं महामंडळ वेगळं). पण ते फिल्म पूर्ण होऊन सेन्सॉर झाल्यावर, परीक्षण होऊन. त्या पैशावर शूट करता येत नाही. मिळाले तर मेव्हण्याचे परत करा.

पायरी ७: अॅक्टर

या वयाचे उत्तम नट-नट्या मराठीत भरपूर आहेत आणि बहुतेकांना मालिकेत सासू, सासरे, पोलीस इन्स्पेक्टर एवढंच मिळतं. म्हणून चांगली स्क्रिप्ट असेल तर ते कमी पैशात सुद्धा वाचायला तरी तयार होतात. अडचण तारखांची. मालिकावाले घोडबंदर रोडला नाहीतर मढला बारा-बारा तास अडकलेले, नाटकवाल्यांचे शनिवार-रविवार प्रयोगात गेलेले. म्हणजे तुमचं शूट सोमवार ते शुक्रवार, आणि शुक्रवारी संध्याकाळी लवकर सोडायचं. त्यांच्या प्रयोगाच्या तारखा आधी घ्या, मग शेड्यूल करा. उलटं केलंत की मरण.

ऑडिशन दोघांची एकत्र घ्या. खुर्च्या पुढे-मागे ठेवून वरचा गाडीचा सीन करवून घ्या, एकमेकांकडे न बघता. जोडी जमते का ते आवाजावरच कळतं.

एक अगदी साधी गोष्ट, विद्या करणारीला गाडी चांगली चालवता आली पाहिजे. न येण्याची अॅक्टिंग ज्याला येतं तोच करू शकतो, आणि रस्त्यावर खरी माणसं असतात. शिरीषचंही तेच. दोघांची लायसन्स चालू आहेत का ते बघा, हसू नका, खरंच बघा.

पायरी ८: जागा आणि परवानग्या

घरं ओळखीची घ्या पण करार करा. पहिल्या मजल्यावरचं, मागच्या बाजूचं, रस्त्याला न लागणारं घर मिळालं तर सोनं. सोसायटीच्या कमिटीचं पत्र घ्या, शूटच्या दिवसांची नोटीस आधीच लिफ्टमध्ये लावा, आणि जनरेटर लागणार असेल तर कुठे उभा राहील ते वॉचमनला दाखवून ठेवा. फेब्रुवारी-मार्च टाळा, दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, एकही सोसायटी हो म्हणणार नाही आणि म्हणू पण नये. गणपती-नवरात्र टाळा, लाऊडस्पीकर. पावसाळा टाळा, पत्र्यावर पाऊस पडायला लागला की डायलॉग गेला. एप्रिल-मे मध्ये पंखे बंद ठेवून शूट म्हणजे सगळ्यांचा मेकअप गळ्यात. उरले नोव्हेंबर ते जानेवारी. नेमके तेव्हाच लग्नाचे बँड असतात, पण ते संध्याकाळी.

सार्वजनिक जागांसाठी चित्रनगरीच्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे, ऑनलाइन अर्ज होतो. बाग असेल तर महापालिका, रस्त्यावर गाडीचं शूट असेल तर पोलीस आणि वाहतूक शाखा, शनिवारवाड्यासारखी संरक्षित वास्तू असेल तर पुरातत्त्व खातं, स्टेशन असेल तर रेल्वे. रेल्वेचं शूट पहिल्या फिल्मला नकोच, पैसेही जास्त आणि कागदही जास्त. चोरून मोबाइलवर काढू म्हणणारे असतात, पण पुढे ओटीटीवाले लोकेशनची पत्रं मागतात, तेव्हा पत्र नसलं की तो सीनच अडकतो.

ड्रायव्हिंग स्कूलची गाडी खरीच भाड्याने घ्या, दोन्हीकडे ब्रेक असलेली, पुढे-मागे लाल एल लावलेली. चालती गाडी रहदारी कमी असलेल्या आतल्या रस्त्यावर, सकाळी. बोलणं जास्त असलेले भाग उभ्या गाडीत काढा, बाहेरून दोन जण गाडी थोडी हलवतात, खिडकीबाहेर फोकस नाही, कळत नाही कोणाला.

पायरी ९: शूट

दिवसाला चार-पाच पानं धरा, म्हणजे २० ते २२ दिवस. त्यापेक्षा कमी दिवसांत होतं असं सांगणारे असतात, त्यांना विचारा साउंड कसा आहे.

साउंडवर तर मी भांडायला तयार आहे. कॅमेरा भारीतला भाड्याने घेतात आणि साउंड रेकॉर्डिस्टला म्हणतात, "डबिंगमध्ये बघू." कॉमेडीत टायमिंग असतं ते सेटवरच्या श्वासात, तीन महिन्यांनी बंद खोलीत ते परत येत नाही. सिंक साउंड करा, म्हणजे सेटवरचाच आवाज वापरा, प्रत्येकाला कपड्यात लपवलेला लेपल माइक आणि वर काठीवरचा बूम माइक. घरात शिरल्यावर पंखा, फ्रिज, पाण्याची मोटर बंद. फ्रिज बंद केला की प्रॉडक्शनवाल्याने स्वतःच्या गाडीची किल्ली त्या फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे रात्री घरी निघताना फ्रिज चालू करायची आठवण राहते. नाहीतर घरमालकाचं आठवड्याचं दूध, इडलीचं पीठ आणि तुमची इज्जत एकदम नासते. प्रत्येक खोलीचा रिकामा आवाज मिनिटभर रेकॉर्ड करून घ्या, सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहून, मोबाइल न बघता. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांची वेळ विचारून ठेवा. मावशींना आदल्या दिवशी मिठाई दिली तर त्या शिट्टी पुढे ढकलतात.

कॅमेऱ्याचं एकच सांगतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आणि थिएटरसाठी फिल्म २४ फ्रेमची, त्यामुळे ट्यूबलाइट, साधे एलईडी बल्ब यांचा फ्लिकर येतो. शटर अँगल १७२.८ ठेवा म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग होतो आणि फ्लिकर जातो. सेटवर छोट्या मॉनिटरवर दिसत नाही हा प्रकार, मोठ्या पडद्यावर दिसतो.

कंटिन्युइटीत, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळण्यात, या विषयाची एक खास भानगड आहे, केसांची मुळं. हिरोइन केस रंगवणारी आहे. २२ दिवसांचं शूट मध्ये सुट्ट्या धरून महिनाभर चालतं, आणि महिन्यात भांगात पांढरी रेघ चांगली बोटभर नाही तरी दिसण्याइतकी येते. शूट गोष्टीच्या क्रमाने होत नाही, म्हणजे पहिल्या भेटीत पांढरी रेघ आणि पुढच्या सीनमध्ये काळंभोर. उपाय दोन. एक, दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी टचअप आणि क्लोजअपचा फोटो. दुसरा, मला जास्त आवडतो, ती रेघ स्क्रिप्टमध्येच घ्या. कोणत्या सीनपासून ती रंगवायचं सोडते ते ठरवा, त्या सीनआधीचं सगळं शूट पहिल्या आठवड्यात उरका आणि पुढचं नंतर. डायलॉगची गरज नाही, आईने एकदा भांगाकडे बघितलं तरी बास. चष्म्याचंही तसंच, जवळचा चष्मा कधी लावते, मेन्यूकार्ड लांब धरून वाचते का, हे पहिल्या दिवशी ठरवा आणि एडीने, म्हणजे असिस्टंट डायरेक्टरने, लिहून ठेवा.

खाण्याचे सीन म्हणाल तर, थालीपीठ गार झालं की वातड दिसतं. पाच टेक धरून दहा करून ठेवा, आणि अॅक्टरला मोठा घास घेऊ देऊ नका, दहाव्या टेकला पोट भरलेलं चेहऱ्यावर दिसतं.

हिरोच्या हातात सिगरेट देऊ नका. तंबाखू दाखवली की सुरुवातीला आणि मध्ये आरोग्याचा इशारा देणाऱ्या चित्रफिती, शिवाय तो सीन चालू असेपर्यंत खाली पट्टी. रोमँटिक सीनखाली कॅन्सरची पट्टी चाललीय, गेला मूड. आणि पाटील सरांना पण बडीशेपच द्या. शिरीषच्या घरी मांजर हवंय असं वाटत असेल तर अॅनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटच्या आधी, नंतर नाही, सेन्सॉरला त्यांचं पत्र लागतं. मांजराऐवजी कुंड्या ठेवा.

पायरी १०: गाणी

जुनं हिंदी गाणं रेडिओवर लागलंय आणि दोघं गप्प, हा सीन सगळ्यांनाच लिहावासा वाटतो. तो महाग आहे. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक शब्द आणि चालीचा, दुसरा रेकॉर्डिंगचा. नुसतं गुणगुणलं तरी पहिला लागतो. आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगला प्रसिद्धीपासून ६० वर्षं आणि गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, त्यामुळे "गाणं जुनंय, चालतं" हे अर्धवट ज्ञान. तुकोबांचे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत पण तुम्हाला माहीत असलेली चाल बहुतेक कोणाची तरी असते. नव्या पोरापोरींकडून दोन गाणी करून घ्या, त्यांच्याशी रीतसर करार करा, रॉयल्टीचं काय ते त्यात लिहा. गाडीत रेडिओच बिघडलेला दाखवला तर सगळ्यात स्वस्त, आणि मग त्यांना बोलावंच लागतं.

पायरी ११: एडिट आणि सेन्सॉर

एडिटला एडिटर वेगळा ठेवा, दिग्दर्शकाने स्वतः करू नये. पहिला कट दोन-सव्वादोन तासांचा होईल, घाबरू नका. कट झाला की दहा-बारा अनोळखी लोकांना दाखवा, त्यात पंचेचाळीसच्या पुढचे निम्मे, आणि फिल्म चालू असताना पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे बघा. कुठे मोबाइल हातात घेतला ती मिनिटं लिहून घ्या. नंतर "कशी वाटली" विचारू नका, सगळे छानच म्हणतात. विचारा "शिरीषची आई मध्येच कुठे गेली असं वाटलं का?" असं काहीतरी नेमकं.

पिक्चर लॉक, म्हणजे एडिट कायमचं पक्कं, झाल्याशिवाय साउंड आणि कलरला देऊ नका. मग थिएटरच्या सराउंड साउंडसाठी फाइव्ह पॉइंट वन मिक्स, मग डीसीपी. डीसीपी झाल्यावर खऱ्या थिएटरमध्ये सकाळचा एक तास भाड्याने घेऊन पूर्ण बघा.

सेन्सॉरचं आता ई-सिनेप्रमाण पोर्टलवर ऑनलाइन होतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या सर्टिफिकेटचे) तीन भाग झालेत, ७ प्लस, १३ प्लस, १६ प्लस. अशा विषयाला बहुतेक यातलंच काहीतरी मिळतं. सर्टिफिकेट आता कायमचं असतं, पूर्वी दहा वर्षांचं होतं. कट पटले नाहीत तर सेन्सॉर बोर्डाचीच रिव्हायझिंग कमिटी, आणि त्यानंतर हायकोर्ट, मधलं अपिलाचं ट्रायब्युनल २०२१ मध्ये बंद झालं. रिलीजची तारीख जाहीर करून मग सेन्सॉरला जाऊ नका एवढंच.

पायरी १२: फेस्टिव्हल आणि रिलीज

ट्रेलर सोडून काहीही यूट्यूबवर टाकू नका, पूर्ण फिल्म तर खासगी लिंकवर पासवर्ड लावूनच. फेस्टिव्हलना पहिला खेळ आपल्याकडे हवा असतो, म्हणून क्रम ठरवा. पुण्याचा आंतरराष्ट्रीय फेस्टिव्हल पिफ साधारण जानेवारीत असतो आणि त्यात मराठी स्पर्धा वेगळी आहे, गोव्याचा इफ्फी, भारताचा आंतरराष्ट्रीय फेस्टिव्हल, नोव्हेंबरमध्ये, त्यातल्या इंडियन पॅनोरमात फीचर म्हणून जायला फिल्म ७० मिनिटांच्या वर हवी. इफ्फीच्याच वेळी एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाचा फिल्म बाजार भरतो, आता वेव्हज फिल्म बाजार म्हणतात, तिथे अर्धवट झालेल्या फिल्मसाठी वर्क इन प्रोग्रेस लॅब आहे. तुमच्याकडे रफ कट असेल आणि पैसे संपले असतील तर तिथे अर्ज करा, विकत घेणारे, फेस्टिव्हलचे लोक, सगळे एका जागी भेटतात. राष्ट्रीय पुरस्काराला पाठवायची असेल तर सर्टिफिकेटची तारीख कोणत्या वर्षात पडते ते बघा, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घाई करून सर्टिफिकेट घेतलं की ते वर्ष आठवड्याभरात संपतं.

थिएटर रिलीज करणार असाल तर महाराष्ट्रभर लावायच्या भानगडीत पडू नका. ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक, कोल्हापूर इथे मोजके शो, आणि वेळ दुपारी तीन-चारची मागा. सगळे प्राइम टाइमसाठी भांडतात, पण तुमचा प्रेक्षक रात्री नऊच्या शोला येत नाही, त्याला आईचं औषध द्यायचं असतं. ग्रुप बुकिंगसाठी भिशीवाल्या, महिला मंडळं, हास्यक्लब, बँकांतल्या निवृत्त कर्मचाऱ्यांचे ग्रुप यांना पहिल्या शुक्रवारच्या आधीच पंधरा दिवस फोन सुरू करा, पोस्टरपेक्षा यावर माणूस लावा. आणि ओटीटीशी बोलताना हे फोल्डर तयार असू द्या: लेखकांचे करार, अॅक्टरांचे करार, लोकेशनची पत्रं, गाण्यांचे हक्क, सेन्सॉर सर्टिफिकेट, सबटायटलची फाइल, डायलॉग नसलेला म्युझिक-इफेक्ट ट्रॅक. हा शेवटचा ट्रॅक मिक्सच्या वेळीच मागून घ्या, वर्षाने स्टुडिओकडे गेलात तर ते सेशन शोधायचेही पैसे लावतात.